गावाच्या कामातून शिकण्याची गोडी कशी लागते: बीड जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या जिल्हा परिषद शाळेत पाचवी ते आठवीला शिकवणाऱ्या एका तरुण शिक्षिकेनं विचारलंय की मुलं चुणचुणीत आहेत, पण पुस्तक उघडलं की त्यांचं मन उडून जातं. निम्म्या घरांतले आईबाप दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. गावासाठी काही काम मुलांच्या हातून करून घेतलं तर शिकण्याची गोडी लागेल, असं तिला वाटतं. म्हणून तिनं दोनदा स्वच्छता फेरी काढली. मुलं आनंदानं आली, घोषणा दिल्या, पार झाडला. दुसऱ्या दिवशी वर्गात मात्र सगळं पहिल्यासारखंच. वर एका आजोबांनी ऐकवलं, "मॅडम, लेकरं शिकायला धाडलेत, झाडायला न्हाई." मग चुकतंय कुठं?

ताई, आजोबांचं म्हणणं मला पटतं. झाडण्यात वाईट काही नाही. पण पार झाडायला मुलाला वाचावं लागत नाही, मोजावं लागत नाही, कुणाला प्रश्न विचारावा लागत नाही. अक्षर न ओळखणारं मूलही ते काम तितकंच चांगलं करतं. मग त्या कामानं अभ्यासाची गोडी लागेल तरी कशी? या कामात माझी उमर गेली. एवढ्या काळात मला एकच कसोटी खरी ठरताना दिसली. काम असं हवं की त्याच्या उत्तराची गावात कुणीतरी खरोखर वाट पाहतंय, आणि ते उत्तर वाचल्या-मोजल्या-लिहिल्याशिवाय मिळतच नाही. या दोन्ही गोष्टी जुळल्या की मुलाला पुस्तकाची गरज पडते, आणि गरज पडली की ते आपणहून पुस्तकाकडे येतं. यातली एक जरी नसली तरी उपक्रम होतो, शिकणं होत नाही.

हा विचार नवा नाही. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नई तालीम, म्हणजे हातच्या कामातून शिक्षण देण्याची पद्धत मांडली, तिचा गाभा हाच होता. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथल्या अभ्यासक्रमात हायस्कूलची मुलं आठवड्यातला एक दिवस हातानं काम करतात: वेल्डिंग, वीजजोडणी, शेती-पशुपालन, रक्त-पाण्याच्या साध्या तपासण्या. यातलं बरंचसं काम गावाला लागणारं असतं, गाव त्याचा खर्च देतं आणि कामात खोट राहिली तर परत आणूनही देतं. हे परत आणून देणं मला फार मोलाचं वाटतं. वर्गात चुकलेलं गणित फक्त लाल शाईत दिसतं, पण चुकीचं मोजून केलेलं दार चौकटीत बसतच नाही. आपल्या मराठवाड्याला तर शाळा आणि गाव यांचं नातं कुणी बाहेरून येऊन सांगायची गरज नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईत शिक्षक होते.

आता कामाचं बोलू. माझा आग्रह आहे की सुरुवात पावसापासून करा.

जूनमध्ये मराठवाड्यातल्या प्रत्येक घरात एकच प्रश्न असतो: पेरावं का थांबावं? कृषी विभाग आणि परभणीचं कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतात की साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल गेल्याशिवाय पेरणीची घाई करू नका. सल्ला बरोबर आहे, पण आपल्या शिवारात किती मिलिमीटर पडला हे गावात कुणालाच माहीत नसतं. सरकारी नोंद महसूल मंडळाची, म्हणजे तालुक्याच्या एका भागाची असते. एका मंडळात कितीतरी गावं येतात, आणि आपल्याकडचा पाऊस असा की बैलाचं एक शिंग भिजावं नि दुसरं कोरडं राहावं. मग माणसं अंदाजावर पेरतात. अंदाज चुकला की दुबार पेरणी, म्हणजे बियाणं-खताचा दुसरा खर्च आणि सावकाराच्या दाराची दुसरी खेप. अशा गावात शाळेच्या फळ्यावर रोज सकाळी कालचा पाऊस आणि एक जूनपासूनची बेरीज लिहिली जात असेल, तर तो फळा बघायला माणसं थांबतात. मुलांनी केलेल्या कामाची गावाला गरज आहे, हे मुलांना सांगावं लागत नाही, ते त्यांना दिसतं.

पर्जन्यमापक विकत आणू नका, मुलांना करू द्या. सरळ भिंतीची दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवायचा. बाटलीचा तळ सपाट नसतो, म्हणून तळाला खडे टाकून त्यांच्या वर येईल एवढं पाणी भरायचं आणि त्या पातळीला शून्याची रेघ मारायची. तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवायची. उन्हानं शून्याच्या रेघेखाली पाणी गेलं तर रोज भरून घ्यायचं, हे मुलं नेमकं विसरतात. दोन दिवस नोंद चुकली की त्यांच्याच लक्षात येऊ द्या. वाऱ्यानं पडू नये म्हणून भोवती विटा लावा. जवळचं झाड किंवा भिंत जेवढी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर उघड्या जागी बाटली ठेवा. नोंद रोज सकाळी साडेआठला घ्या, हवामान खात्याचीही वेळ तीच आहे.

यातून वर्गात काय काय येतं बघा. ७.५ आणि १२ यांची बेरीज करताना दशांश चिन्हाखाली दशांश चिन्ह का ठेवायचं, हे पाचवीच्या मुलाला आता पटतं, कारण बेरीज चुकली तर सकाळी पारावर कुणीतरी हटकणार असतं. सातवीत क्षेत्रफळ आलं की सांगा, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. शाळेचं छप्पर २० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद असेल तर ते १२० चौरस मीटर झालं, आणि २५ मिलिमीटरच्या एका सरीत त्यावरून ३००० लिटर पाणी वाहून गेलं. मग मुलं आपोआप वावराकडे वळतात. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर, म्हणजे एका मिलिमीटरला चार हजार लिटरहून जास्त. ज्या पोरांनी उन्हाळ्यात टँकरमागं घागरी घेऊन धावाधाव केलेली असते, ती हा आकडा काढून गप्प होतात आणि पुन्हा मांडून बघतात, कारण त्यांचा विश्वास बसत नाही. त्यानंतर पाणी अडवणं हा धडा वेगळा शिकवावा लागत नाही. तुमच्या माळावर जुने सलग समतल चर, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडवे खणलेले चर असतील तर तिथं मुलांना टेप घेऊन न्या. लांबी, रुंदी, खोली मोजा, घनफळ काढा, एका घनमीटरला हजार लिटर धरा. गाळानं किती भरले तेही मोजा. अंबाजोगाईच्या बाजूला २०१६ नंतर गावोगाव श्रमदानातून असे चर झाले. आज त्यांची स्थिती काय आहे हे मोजून सांगणारं कुणी हवंय, आणि तो अहवाल तुमची सातवी लिहू शकते.

एका गावात मी पाहिलेला प्रसंग सांगतो. फळ्यावर बेरीज अठ्ठावन्न होती. एका शेतकऱ्यानं सहावीतल्या पोराला विचारलं, "मंग पेरू का रं?" पोरगं धावत बाईंकडे गेलं. बाईंनी उत्तर दिलं नाही. त्या म्हणाल्या, "अजून काय माहिती लागेल ते बघून ये." पोरांनी तीन वावरांत खुरप्यानं खणून ओल किती खोल गेली ते पट्टीनं मोजलं, वर्तमानपत्रातला कृषी सल्ला दोनदा वाचला आणि त्या माणसाला जाऊन सांगितलं, "पाऊस अठ्ठावन्न झालाय, ओल एवढी आहे, सल्ला असा आहे. ठरवायचं तुमचं." या शेवटच्या वाक्याकडे लक्ष द्या. मुलांनी आकडा द्यायचा, निर्णय द्यायचा नाही. पीक हातचं गेलं तर त्याचा बोल लेकरावर यायला नको. तसंच हेही गावाला पहिल्या दिवशी स्पष्ट सांगा की शाळेची नोंद हा विमा किंवा पंचनाम्याचा पुरावा नाही. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरला अतिवृष्टी धरतात, पण ती मंडळाच्या अधिकृत मापकावर. ही अपेक्षा आधीच मोडली नाही तर सप्टेंबरमध्ये शाळेवर नाराजी येते.

एक अडचण सांगून ठेवतो. मृग जूनच्या पहिल्या आठवड्यात लागतो आणि शाळा जूनच्या मध्याला उघडते. म्हणजे नेमका पहिला पाऊस सुट्टीत पडतो. म्हणून बाटली एप्रिलमध्येच तयार करून शाळेजवळ राहणाऱ्या दोघा-तिघांच्या ताब्यात द्या आणि वहीही त्यांच्याकडेच द्या.

दुसरं काम पिंपांचं. हे मला पावसाइतकंच आवडतं, कारण इथं विज्ञानाचं पुस्तक आणि गावचं जगणं यांची थेट गाठ पडते. आपल्याकडे नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. म्हणून घराघरांत पिंप, रांजण, हौद भरलेले असतात, आणि डेंग्यूचा डास नेमका अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणूनच आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे भांडी रिकामी करून सुकवण्याचा दिवस पाळायला सांगतं. आशाताईंना सोबत घ्या. मुलं दोघा-दोघांनी घरोघर जाऊन बॅटरीच्या उजेडात पिंपं बघतील आणि अळ्या आहेत-नाहीत ते लिहितील. समजा ४० घरं पाहिली आणि ९ घरांत अळ्या सापडल्या, तर शेकडा प्रमाण २२.५. आरोग्य खात्यात याला हाऊस इंडेक्स म्हणतात आणि तालुक्याचा साहेब यावरच बोलतो. शेकडेवारीचं गणित मुलांना इतकं खरं दुसरीकडे कुठं भेटणार? थोड्या अळ्या बाटलीत घेऊन तोंडाला घट्ट फडकं बांधून वर्गात ठेवा. अळी, कोष, डास हा प्रवास मुलं रोज तारखेनिशी लिहितील आणि डास व्हायला किती दिवस लागले ते स्वतःच सांगतील. डास झाले की बाटली न उघडता मोठ्या माणसानं त्यांची विल्हेवाट लावायची.

यात खरी मेख पुढे येते. मुलं घरी जाऊन सांगतात, पिंप रिकामं करा. आई म्हणते, "येडी का काय, आठ दिसाचं पाणी फेकू?" आईचंही बरोबर आहे. मग मुलांना विचार करावा लागतो: पाणी न फेकता डास कसा थांबवायचा? कापडानं तोंड बांधणं, हौदात गप्पी मासे, पाणी संपलं की पिंपाची आतली कड घासून अंडी काढणं. कुठला उपाय कुठल्या भांड्याला चालतो हे ते करून बघतात, आणि दोन आठवड्यांनी त्याच ४० घरांत जाऊन पुन्हा मोजतात. ही दुसरी मोजणी कधीही सोडू नका. पहिल्या मोजणीनं माहिती मिळते. दुसऱ्या मोजणीनं मुलाला कळतं की आपल्या कामानं काहीतरी बदललं, किंवा बदललं नाही. बदललं नसेल तर का, हा प्रश्न उरतो, आणि अशा प्रश्नावर वर्ग आठवडाभर चालतो.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तपासणं हेही याच जातीचं काम. पाणी सोडणाऱ्याकडे किंवा जलसुरक्षकाकडे ओटी (ऑर्थोटोलिडिन) तपासणीचं साहित्य असतं, ते रसायन पाण्यात टाकल्यावर पिवळा रंग आला की क्लोरीन आहे असं समजतं. टाकीजवळच्या नळाला येतं आणि शेवटच्या गल्लीतल्या नळाला येत नाही, असं बऱ्याचदा दिसतं, आणि नकाशा काढून मुलं ते दाखवू शकतात. पण ते रसायन मोठ्या माणसाच्याच हातात हवं, मुलांनी फक्त रंग बघून नोंद करायची.

आता वाचनाचं. तुम्ही लिहिलंय की सहावीतली काही मुलं दुसरीचं पुस्तकही अडखळत वाचतात. ही तुमची सगळ्यात मोठी चिंता असणार आणि असायलाच हवी. मोठ्या मुलाच्या हातात बडबडगीतांचं पुस्तक दिलं की त्याला लाज वाटते, आणि सहावीचं दिलं तर वाचता येत नाही. यातून वाट काढायला गावाचं काम फार उपयोगी पडतं. त्या मुलाला सांगा, शुक्रवारी अंगणवाडीत तुला गोष्ट वाचून दाखवायचीय. आता सोपं पुस्तक हातात घेण्याला कारण मिळालं, ते लहानग्यांसाठी आहे. सोमवारपासून ते मूल एकच गोष्ट दहादा वाचून तयारी करतं, कारण तिथली पोरं मध्येच प्रश्न विचारतात आणि अडखळलं की चुळबुळ करतात. ज्या मुलांना वर्गात कुणी कधी वाचायला उभं केलं नव्हतं, ती अंगणवाडीत बाईंसारखी बसून, पुस्तक पोरांकडे वळवून, चित्रावर बोट ठेवून वाचताना मी पाहिलीत. एकदा का अंगणवाडीतलं पोरगं रस्त्यात ओरडलं की "दादा, आज गोष्ट हाय का?", की त्या मुलाचं वाचणं थांबत नाही. बंजारा तांड्यावरची मुलं असतील तर त्यांना घरी गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बोलीत, आणि शाळेत मराठीत, अशी गोष्ट दोन्ही भाषांत सांगू द्या. ज्या भाषेमुळे ती वर्गात मागं पडतात असं आपण समजतो, तीच तिथं त्यांची जमेची बाजू होते. म्हाताऱ्या माणसांना औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचून देणं, बँकेचा मेसेज वाचून देणं, निराधार योजनेच्या अर्जातले रकाने समजावून देणं, हेही वाचनच आहे. फक्त ओटीपी आणि पिन कुणालाही विचारायचा नाही नि वाचायचाही नाही, हा नियम आधी पाठ करून घ्या.

हे सगळं केलं तरी रोजचं वाचन-लेखन सुटता कामा नये. गावाचं काम भूक लावतं, जेवण वर्गातच वाढावं लागतं. ज्या मुलाला हातच्याची वजाबाकी येत नाही ते पावसाच्या वहीनं आपोआप शिकणार नाही, पण ते तुमच्याकडे येऊन "शिकवा" म्हणेल. त्या क्षणी तुमच्याकडे वेळ हवा.

पालकांबद्दल. आपल्या भागात शिक्षण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लातूर येतं: शिकवणी, सराव परीक्षा, नीटचे मार्क, मग पोरगं डॉक्टर. ज्यांनी आयुष्यभर कोयता धरला त्यांना पोराच्या हातात कोयता यायला नको, एवढंच कळकळीनं वाटतं. त्यांना "कामातून शिक्षण" म्हटलं की कामच ऐकू येतं. म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका, वही दाखवा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा बायांसाठी असतात. त्या बैठकीत मुलांनाच आलेख घेऊन उभं करा. वेळेचा हिशेबही मांडा. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी वर्षाला १००० तास अध्यापन धरलंय. आठवड्याला दोन तास म्हणजे वर्षात सत्तर-पंचाहत्तर तास. कार्यानुभवाच्या तासिका वेळापत्रकात आहेतच, आणि गणित-विज्ञानाचा भाग याच कामात होतो. शाळा सुटल्यानंतर मुलांना थांबवू नका. संध्याकाळी कुणाला शेळ्या वळायच्या असतात, कुणाला पाणी भरायचं असतं, आणि ज्या पोरींवर घरच्या कामाचा जास्त भार आहे त्याच आधी गळतात. धाकटं भावंड सांभाळायचं म्हणून एखादी मुलगी येत नसेल तर त्याला कडेवर घेऊन यायला सांगा. ते लेकरू कोपऱ्यात खेळेल, काही बिघडत नाही.

या कामातला सगळ्यात नाजूक भाग जातीचा आहे, आणि त्याबद्दल गुळमुळीत बोलून चालणार नाही. कुणाच्या हातात झाडू येतो आणि कुणाच्या हातात टेप, हे गाव बारकाईनं बघत असतं. शिक्षकाच्या नकळत ठराविक मुलं झाडायला लागतात, ठराविक मुली पाणी वाढतात, आणि ठराविक घरची मुलं आकडे लिहितात. असं एकदा झालं की ते मूल गावाकडून रोज जे ऐकतं तेच शाळेनंही त्याला ऐकवलं. त्यापेक्षा उपक्रम नसलेला बरा. म्हणून कामं चिठ्ठ्या टाकून वाटा आणि दर आठवड्याला फिरवा. झाडायचं असेल तर सगळ्यांनी, तुमच्यासकट. शौचालय साफ करणं हे कुठल्याही मुलाचं काम नाही, एकदाही नाही. पिंपांच्या पाहणीत जोड्या मिसळून करा आणि पहिलं घर दर वेळी वेगळ्या वस्तीतलं घ्या. एखाद्या घरानं एखाद्या मुलाला उंबऱ्याबाहेर थांबवलं तर दोघंही परत येतील, ते घर नोंदीत कोरं राहील, आणि पुढचं बोलणं तुम्ही आणि मुख्याध्यापकांनी करायचं, मुलांनी नाही. मराठवाड्यानं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्यासाठीचा नामांतराचा लढा पाहिलाय. इथल्या शिक्षकाला हे कळत नाही असं म्हणायला जागा नाही. मुलींचंही तेच. रांगोळी त्यांच्याकडे आणि मोजमाप मुलांकडे, अशी वाटणी पहिल्याच दिवशी मोडा.

सुरक्षेचं थोडक्यात सांगतो. आपल्याकडच्या कितीतरी विहिरींना कठडा नाही. विहिरीची पाणीपातळी मोजणं हे उत्तम काम आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणाही निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते. पण ते कठडा असलेल्या विहिरीवर, दोन मोठी माणसं सोबत असतानाच. उन्हाळ्यात अकरानंतर बाहेर जाऊ नका.

आता ऊसतोडीचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निम्मा वर्ग रिकामा होतो आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतो. हंगामी वसतिगृह असेल तिथं मुलं राहतात, काही आजीजवळ थांबतात, काही फडावर जातात. सलग वर्षभराचा उपक्रम आखला तर तो दिवाळीला मोडणारच. म्हणून वर्षाचे तीन तुकडे करा. पावसाचं काम जून ते सप्टेंबर, सगळे असताना. हिवाळ्यात मागं राहिलेल्या मुलांनी आजी-आजोबांची कामं आणि गावाचा इतिहास घ्यावा. आजी-आजोबांकडे १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी आहेत, धाराशिव-लातूरकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाच्या आहेत, गावात जुनी बारव असेल तर तिच्या आहेत. परभणी जिल्ह्यात वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव गावकऱ्यांनी श्रमदानातून मोकळी केली. तुमच्या गावात तशी असेल तर पायऱ्या मोजणं, नकाशा काढणं, पाणी कधी आटलं हे विचारणं, यात एक अख्खा हिवाळा जातो.

फडावर जाणाऱ्या मुलांना रिकाम्या हातानं धाडू नका. एक छोटी वही द्या. मुक्कामाचं गाव, गावापासूनचं अंतर, कोप्यांवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांवर किती मुलं आहेत, त्यातली किती शाळेत जातात, पाणी कुठून आणतात, हे लिहून आणायला सांगा. परतल्यावर ती वही वर्गात वाचली जाईल हे त्यांना आधी सांगा, आणि वाचाच; वर्षाचा तिसरा तुकडा हाच. सहा महिने शाळा बुडालेलं मूल वर्गात शिरताना खाली मान घालून शिरतं. त्या वहीमुळे त्याच्याकडे असं काहीतरी असतं जे वर्गात दुसऱ्या कुणाकडे नसतं. उसाच्या वजनाच्या पावत्या आणि उचलीचा, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेचा हिशेब हे तर त्या घरासाठी सगळ्यात गरजेचं गणित आहे. घरच्यांची इच्छा असेल तर मुलानं आईबापांसाठी तो मांडावा. पण तो घरातच राहू द्या. शाळेच्या फळ्यावर किंवा ग्रामसभेत आणू नका, मुकादमाशी, म्हणजे टोळी नेणाऱ्या माणसाशी, त्या कुटुंबाचा पुढचा हंगाम बांधलेला असतो.

ग्रामसभेत काय न्यायचं तेही ठरवून घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा होतात. त्यातल्या एका सभेत मुलांना पाच मिनिटं मागून घ्या. निष्कर्ष आठवडाभर आधी सरपंच आणि ग्रामसेवकांना दाखवा, म्हणजे चारचौघांत त्यांची मान खाली जाणार नाही. घराचं नाव कधीच घेऊ नका, गल्लीची बेरीज सांगा. कुणाच्या पिंपात अळ्या होत्या हे मुलांनी वाचून दाखवलं तर पुढच्या वेळी दारं बंद होतात. मुलांनी भाषण करू नये. आकडा, तो कसा काढला, आणि एक मागणी, बस. मागणी लहान ठेवा, पंचायत महिन्याभरात पुरी करू शकेल एवढी: टाकी धुतल्याची तारीख टाकीवर लिहावी, शेवटच्या गल्लीतली गळती बंद करावी. ती पुरी झाली की मुलांना कळतं की लिहिल्यानं आणि मोजल्यानं काहीतरी हलतं. पुरी झाली नाही तर पत्र लिहायला शिकवा. आठवीच्या पुस्तकातलं औपचारिक पत्रलेखन एरवी कुणाला न पाठवलेलंच असतं.

फोटोंचं सांगायला हवं. वरून मागणी येते, ग्रुपवर टाकावे लागतात, हे मला ठाऊक आहे. पण मुलं मोजत असताना फोन काढला की ती मोजणं सोडून उभी राहतात. काम संपल्यावर वहीच्या पानाचा फोटो पाठवा.

गोडी लागली हे कशावरून ओळखायचं? चाचणीचे गुण लगेच हलत नाहीत, त्यावरून घाईनं काही ठरवू नका. मी बघतो ते वेगळंच. कामाच्या दिवशी गैरहजेरी घटली का. वही घरी नेण्यावरून भांडणं होतात का. कुणी न सांगता दुसऱ्याची बेरीज तपासतंय का. आणि तुम्हाला न येणारा प्रश्न कुणी विचारला का. पिंपात अळी होते मग विहिरीत का दिसत नाही, मंडळाचा आकडा आपल्यापेक्षा वेगळा का, असे प्रश्न यायला लागले की तुम्ही योग्य वाटेवर आहात. उत्तर ठाऊक नसेल तर तसं सांगा आणि मुलांसोबत शोधा. कृषी सहायक, आशाताई, नळ सोडणारा माणूस, सगळ्यांना वर्गात बोलवा. नळ सोडणाऱ्या माणसाला शाळेनं कधी खुर्ची दिलेली नसते. त्याच्याकडे टाकी, मोटर आणि पाइपलाइनचं जेवढं ज्ञान असतं तेवढं आपल्या पुस्तकात नसतं.

पहिल्या वर्षी एकच काम घ्या. पावसाळा तोंडावर असेल तर पर्जन्यमापक, गेला असेल तर पिंपं आणि अंगणवाडीतलं वाचन. दहा उपक्रम एकदम सुरू झाले की तुम्ही दमता आणि मुलांच्या वह्या अर्ध्या राहतात. जिल्हा परिषदेत बदली कधीही येते आणि शिक्षक गेला की त्याचं कामही जातं, हे मी फार वेळा पाहिलंय. म्हणून मार्चमध्ये आठवीची मुलं शाळा सोडण्याआधी पाचवीच्या मुलांना नोंद घ्यायला शिकवण्याचं काम त्यांच्याकडेच सोपवा. नोंदवह्या शाळेच्या दप्तरात रीतसर चढवा, व्यवस्थापन समितीच्या ठरावात त्यांचा उल्लेख घ्या, म्हणजे पुढे येणाऱ्या शिक्षकाच्या हाती त्या पहिल्याच दिवशी पडतील.